हर्षल दिसला

१० फेब्रुवारी, संध्या. ७.४०
आजपासून नियम. रोज साडेसात ते साडेआठ गच्चीवर. हर्षल, म्हणजे युरेनस, कृत्तिकांच्या खाली आहे. दुर्बीण लहान, पण मी चिकाटीची. तिला फोन लावून महिनाअखेर फोटो नक्की.

१२ फेब्रु.
नाही. थंडीनं हात हलतो. उद्या हातमोजे.

१३ फेब्रु.
हातमोज्यांनी फोनचं बटण दबत नाही.

१४ फेब्रु.
कॉलेजातल्या जयाला फोनवर एवढंच सांगितलं की हर्षल दिसत नाही, कशात मन लागत नाही. याडी, म्हणजे आई, जिन्यात उभी होती. हर्षल कुठला, पुसदचा का, विचारलं. ग्रह आहे, म्हटलं.
"ग्रहच लागला तुले," म्हणाली.
तारीख आत्ता पाहिली.

१५ फेब्रु.
पोरीचा कुणी हर्षल आहे, हे तांडाभर झालं. रविवारी दिग्रसहून पाहुणे मला बघायला येणार. बापू माझे वडील; शाळेआधी त्यांनीच मला घरी शिकवलं. जे दिसलं तेच लिहायचं, हा पहिला धडा. आज तेच म्हणाले, "तुह्या हर्षलचा फोटो दाखव बाई. मंग मी पाहुण्याईले नाही म्हणतो."
नाहीतर दुर्बीण पेटीत आणि बी.एस्सी. अर्धवट.
फोटो सोपा आहे. डोळ्यांत पाणी चुलीच्या धुरानं.

१७ फेब्रु.
धावजीकाकांचं तुरीचं थ्रेशर चालू. आकाशभर कुटार, नुसता भुसा. ग्रहाचा दोष नाही. माझाही नाही.

१९ फेब्रु., ८.०५
दिसला! हिरवट ठिपका. अकराही फोटोंत डाव्या कोपऱ्यात, अगदी त्याच जागी. दुर्बीण हलली तरी तो हलत नाही. इतका शिस्तीचा ग्रह पुस्तकातही नाही.

२० फेब्रु.
बापूंनी फोटो घरोघरी दाखवला. दिग्रसला नकार कळवला. याडी फोटो पाहून म्हणाली, "एवढासाच?"

२१ फेब्रु., ८.५०
पुरावा पक्का असावा म्हणून पुन्हा अकरा फोटो. अकराही फोटोंत हर्षल. मग लक्षात आलं, दुर्बिणीचं झाकण काढलंच नव्हतं.
फोन गादीवर पालथा ठेवून फोटो काढला. तरी हर्षल. कॅमेऱ्यातलाच एक ठिपका बिघडलाय.
न सांगताही चाललं असतं. खाली जाऊन सांगितलं.
बापू बराच वेळ फोनची काच पुसत बसले. याडीनं विचारलं, "म्हंजे हर्षल नव्हताच?"
नव्हता, म्हटलं.
"कोणीच नाही?"
कोणीच नाही.
या महिन्यात ती पहिल्यांदा हसली. मग दिग्रसला फोन लावला.
उद्या अकराला येताहेत. दुर्बिणीचं झाकण लावलेलंच आहे.