हॉलमधली शिडी आणि माझा सेफ्टी प्लॅन

३ जानेवारी, शुक्रवार (सुट्टी)
राजसीला कात्रपच्या थेरपी सेंटरमध्ये दाखवलं. वय साडेचार. जिना उतरताना दोन्ही हात धरावे लागतात. बागेत घसरगुंडी चढत नाही, वाळूला पाय लावत नाही. शाळेत बाकीची मुलं उड्या मारतात तेव्हा ही भिंतीला टेकून उभी. थेरपिस्ट वृंदा मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, स्वतःच्या शरीराचा अंदाज यायला तिला वेळ लागतोय. घरात चढायची-लटकायची सोय करा, रोज पाऊण तास.
नीलिमा म्हणाली, तयार शिडी ऑनलाइन मिळते. मी म्हटलं, अंबरनाथ एमआयडीसीत चौदा वर्षं क्वालिटी कंट्रोल करणाऱ्या माणसाने दुसऱ्याची क्वालिटी घरात आणायची? तिने मोबाइल बाजूला ठेवला. म्हणजे पटलं.
संकल्प: २६ जानेवारीपर्यंत राजसी एकटी चढणार.

४ जानेवारी, शनिवार
फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर उल्हासनगर. सगळ्यात जाड लाकूड निवडलं. दुकानदाराने विचारलं, साईं, इसपे चढेगा कौन? मी म्हटलं, बेटी, साडेचार साल की. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लाकडाकडे.

१० जानेवारी, शुक्रवार
शिडी तयार. दोन शिड्या वरच्या टोकाला जोडलेल्या, एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. उंची साडेचार फूट. सोफा बेडरूममध्ये गेला. टीव्ही आता शिडीच्या दांड्यांमधून दिसतो.
ग्रिप यावी म्हणून प्रत्येक दांड्याला काथ्या गुंडाळला. राजसीने बोट लावलं आणि हात फ्रॉकला पुसला. दोन तास काथ्या सोडवण्यात गेले. टेस्टिंगचाच भाग.

११ जानेवारी, शनिवार. संध्या. ५:३०
ट्रायल. सेफ्टीत तडजोड नाही: खाली चार गाद्या, सहा उशा, गुडघ्याला पॅड, डोक्याला हेल्मेट. हेल्मेटमुळे तिला वरचं दिसत नव्हतं. वरचं दिसलं नाही तर भीती कमी.
राजसीने पहिल्या दांड्यावर पाय ठेवला. मी दोन्ही हातांनी कंबर धरली आणि हळू, सावकाश, बघून, पडशील, असं प्रोत्साहन देत राहिलो. तिने पाय काढला. मग बाहुली घेऊन शिडीखाली बसली. नीलिमा म्हणाली, जरा गप्प बसून बघा ना. पण कोचिंगशिवाय कोण शिकलंय?

१४ जानेवारी, मंगळवार
पाय ठेवला नाही. थंडीमुळे असावं. तिळगूळही जास्त झाला.

१७ जानेवारी, शुक्रवार (सुट्टी)
मुलं बघून शिकतात. स्वतः चढून दाखवायचं ठरवलं. वर व्यवस्थित पोचलो. एक पाय पलीकडे टाकला आणि खाली बघितलं.
वर पंचवीस मिनिटं बसलो. निरीक्षण करत होतो. लाकूड कुठे करकरतं का, वगैरे. राजसी माझा घोटा धरून उभी होती, पाय कुठे ठेवायचा ते सांगत होती. शेवटी नीलिमाने समोरच्या अनंता काकांना बोलावलं. काका सत्तरीचे. त्यांनी मला बगलेत धरून उतरवलं आणि विचारलं, लहानपणी झाडावर चढला नाहीस का कधी? मी म्हटलं, आई चढू द्यायची नाही. ते म्हणाले, असं होय.
शिडी माझं वजन झेलते हे सिद्ध झालं.

२२ जानेवारी, बुधवार
कामावरून आलो तर राजसीची बाहुली शिडीच्या अगदी वरच्या दांड्यावर. नीलिमाला विचारलं, ती म्हणाली मी नाही ठेवली. निष्कर्ष: ठेवली आणि विसरली. बाहुली खाली काढून दिली. राजसी माझ्याकडे बघत राहिली.

२६ जानेवारी, रविवार
टार्गेट डेट. सासुरवाडीची माणसं आल्यामुळे ट्रायल घेता आली नाही. शिडीवर त्यांचे टॉवेल वाळत होते. नवी तारीख: महाशिवरात्र.

३१ जानेवारी, शुक्रवार (सुट्टी)
सेंटरला फॉलोअप. चार्ट करून नेला होता. वृंदा मॅडमनी तो नीट वाचला आणि मला बाहेर बसायला सांगितलं.
दाराला काच आहे. आत भिंतीवर रंगीत खुंट्या. राजसीने बूट काढले आणि चढायला लागली. हेल्मेट नाही. पहिली खुंटी, दुसरी, चौथी. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर गेली. मी काचेवर टकटक केली. तिने वळून माझा चेहरा बघितला आणि तिथेच थिजली. मॅडमनी तिला अलगद उतरवलं आणि काचेवरचा पडदा ओढला.
नंतर मला आणि नीलिमाला आत बोलावलं. माझ्यासमोरच राजसीला विचारलं, घरी का नाही चढत?
"चढते. पप्पा कामाला गेला की."
"आणि पप्पा घरी असल्यावर?"
"तेव्हा नाही. पप्पा घाबरतो."
नीलिमा राजसीचे बूट शोधत होती. बूट तिच्या हातातच होते.

१ फेब्रुवारी, शनिवार. संध्या. ५:४०
सोसायटीच्या बाकावर बसून लिहितोय.
मॅडमनी नवा प्लॅन लिहून दिलाय. नीलिमाने फ्रिजवर लावला. गादी: एक. हेल्मेट: नको. बोलणं: कमी. वडील: सध्या खाली.
पाऊण तास होणार आहे. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, त्यामुळे आवाज येतात. मघाशी काहीतरी धपकन पडलं. मी उठलो, जिन्याच्या तीन पायऱ्या चढलो. वरून हसण्याचा आवाज आला. दोघींचा. उतरून परत बसलो.
आत्ता राजसी गॅलरीत आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. ग्रिलमधून तोंड काढून म्हणाली, "पप्पा, तू तिथेच बस हां. मला अजून एकदा वर जायचंय."
मी हात वर केला. ती आत पळाली.
इथून काहीच दिसत नाही.