नाना लोकांची सभा

७ फेब्रुवारी १९७१, रविवार

विजूला बघायला आज पारनेर तालुक्यातली मंडळी आली. सकाळी यायची ती जेवणवेळ टळून गेल्यावर आली. दोष टांगेवाल्याचा. मी मध्यस्थाला मुद्दाम सांगितलं होतं, पत्ता कशाला, स्टँडवर उतरा आणि नानांकडे घे म्हणा, नगरात शेंबडं पोरही घर दाखवील. टांगेवाल्याने त्यांना थेट माळीवाड्यात बन्सी मिसळवाल्याच्या हॉटेलात नेऊन सोडलं. त्या बन्सीला लोक नाना म्हणतात. शेव तळणारा माणूस आणि नाना!

मंडळींनी बन्सीलाच मुलीचा बाप समजून दोन-दोन प्लेट मिसळ चापली, वर भजी. आमच्या घरी आली ती ढेकर देत. सौ.चे पोहे ताटल्यांत तसेच सुकले. मुलाचे वडील सहादेवराव जाताना म्हणाले, तुमचे ते माळीवाड्यातले नाना लई मोकळा मानूस. तुमचे ते नाना! मग मी कोण?

मुलगा मात्र चांगला. तालुक्याच्या शाळेत मास्तर. काहीही विचारलं की खाली बघून म्हणायचा, नाना म्हणतील तसं. पहिल्याच भेटीत मला नाना म्हणाला. संस्कार असे दिसतात.

कळवतो म्हणून गेले आहेत.

८ फेब्रुवारी

त्या टांगेवाल्याला गाठला. मच्छिंद्र नाव. उर्मट. म्हणाला, नगरात नाना म्हंजे मिसळवाले, हे घोड्यालाबी ठावं हाय. तुमाला कोन नाना म्हनतं, सांगा की.

कोण म्हणतं? विजू म्हणते, धाकट्या भावाची पोरं म्हणतात. वरचा भाडेकरू म्हणतो, विशेषतः भाडेवाढीचा विषय निघाला की. ऑफिसात शिपाई कानिफनाथ भाऊसाहेब म्हणतो. आज त्याला बजावलं की यापुढे नानासाहेब म्हणायचं. तो म्हणाला, साहेब, क्लार्क मानसाला समदी कचेरी भाऊसाहेबच म्हनती, तुमी येकटे नानासाहेब झाला तर बाकीचे भाऊसाहेब काय म्हनतील? या देशात शिस्त येणार नाही.

संकल्प : महिनाभरात नगरात नाना म्हटलं की एकच माणूस. गहिनीनाथ भापकर. विजूचं लग्न माझ्या नावावर जमलं पाहिजे, तर्रीच्या वासावर नव्हे.

१० फेब्रुवारी

ऑफिसातून लवकर निघून वाचनालयात बसलो. जे सापडलं त्याने अंगावर काटा आला. नाना फडणवीस. नानासाहेब पेशवे. सत्तावन्नचे नानासाहेब. मुंबईचे नाना शंकरशेट, ज्यांनी रेल्वे आणण्यात पुढाकार घेतला. इंग्रजांना पळता भुई थोडी करणारे क्रांतिसिंह नाना पाटील. हा योगायोग असू शकतो का? एकानेही कधी फरसाण विकलं नाही.

तुलनाही करून पाहिली. तात्या शूर खरे, पण पकडले गेले. भाऊंचं पानिपतात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बापू फार मोठे, पण ते नाव आता दुसऱ्या कोणाला पेलायचं नाही. नाना हेच नाव सर्वांत टिकाऊ.

जेवताना हे सांगितलं. विजू म्हणाली, नाना, पानिपतच्या धक्क्याने गेले ते नानासाहेबच. आणि सत्तावन्नचे नेपाळात गेले ते परत आलेच नाहीत. आणि पेशवाईतले जे साडेतीन शहाणे म्हणतात, त्यातले नाना फडणवीस अर्धे, कारण त्यांना तलवार धरता येत नव्हती. सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, आपल्या घरात तेवढाबी न्हाई.

मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकवलं ते चुकलं. पण मलाही तलवार धरता येत नाही. हे साम्य लक्षात घेण्याजोगं आहे.

१४ फेब्रुवारी

ठरलं. १३ मार्चला नाना फडणवीसांची पुण्यतिथी. त्या दिवशी मारुतीच्या पटांगणात शहरातल्या तमाम नानांची सभा. सभेत नाना मंडळ स्थापन होईल. अध्यक्षाची निवड एकमताने होईल. त्या मताशी मी सहमत आहे.

सहादेवरावांनाही बोलावणार. समोर बसून बघू देत, खरे नाना कोण ते.

बन्सीला बोलावणं नाही. त्याचं नाव मुळातच खोटं आहे. लहानपणी दूध पाजायला घेतलं की हा ना ना करायचा, म्हणून आई नाना म्हणायला लागली. हे तो गिऱ्हाइकांना स्वतः हसत सांगतो. नकारातून निघालेलं नाव.

२१ फेब्रुवारी

नाना शोधत हिंडलो. भिंगारमध्ये एक नाना पैलवान भेटला. कान चेपलेले, अक्कलही. त्याला नाना फडणवीस सांगितले. तो म्हणाला, कुन्या तालमीचे? मग विचारलं, सभेला येऊन काय मिळंल? मी म्हणालो, इतिहास. तो म्हणाला, त्यो ऱ्हाऊ द्या, खायला काय?

सर्जेपुऱ्यात एक बँडवाले नाना. त्यांना अध्यक्ष व्हायचं आहे, नाहीतर येणार नाहीत. केडगावातले नाना कडबा विकतात. ते म्हणाले, नाना मी येकटाच, बाकीचे कोन? प्रत्येकाला वाटतं आपणच एकमेव. इतका अहंकार बरा नव्हे. तो शोभायला काहीतरी पाया असावा लागतो.

अल्पोपहार ठेवावा लागणार. सौ. म्हणाली, बन्सीनानांना सांगा, पन्नास मानसं उभ्या उभ्या जेवू घालत्यात. मी ताट सरकवून उठलो. मग चिवडा करायचं कबूल केलं तिने. एक डबा पुरेल. शहरात नाना असून असून किती असणार?

२७ फेब्रुवारी

पत्रक छापायला गिदोनच्या छापखान्यात गेलो. गिदोन निवडणुकीच्या पत्रकांत गळ्यापर्यंत बुडालेला. माझा मजकूर मी चार दिवस घासूनपुसून केला होता :

"नाना लोकांची भव्य सभा! नाना लोकांनी सहकुटुंब अगत्य यावे. अल्पोपहाराची सोय आहे."

गिदोन चष्मा वर करून म्हणाला, भाऊसाहेब, नाना लोक म्हंजे नेमके कोन लोक? मी म्हणालो, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तो म्हणाला, ‘नाना नावाच्या लोकांची’ असं टाकू का? आता याला मराठी शिकवायची का मी? ‘नावाच्या’ हा शब्द पूर्ण फालतू आहे. नाना फडणवीस चार ओळींत इंग्रजांना घाम फोडायचे. गिदोन म्हणाला, मजकूर तुमचा, शाई माझी.

छापखानेवाल्यांनी छापावं, विचार करू नये.

६ मार्च

पत्रकं वाटली. प्रतिसाद प्रचंड! सगळ्या गावात सभेचीच चर्चा. पानाच्या दुकानाशी एकाने विचारलं, भाऊसाहेब, आमीबी यायचं का? मी म्हणालो, तुम्ही नाना लोकांत मोडता का? तो म्हणाला, मग? आमी न्हाई तर कोन? मी पाठ थोपटली. इतके नाना शहरात आहेत याची कल्पना नव्हती. चौथीच्या वर्गाच्या मास्तरीणबाईही येते म्हणाल्या. बहुधा त्यांचे यजमान नाना असावेत.

सौ.ला म्हणालो, दोन डबे कर. ती माझ्याकडे बघतच राहिली.

आरशासमोर भाषण. ‘सर्व नानांनो’ इथे हात वर. विजूने पाहिलं आणि पदर तोंडात धरून पळाली. मुलगी हळवी आहे.

११ मार्च, होळी

सगळीकडे रेडिओ आणि निवडणुकीचे निकाल. कोण जिंकलं, कोण पडलं. परवा त्याहून मोठी निवड आहे.

सहादेवरावांचा निरोप आला. येतो म्हणाले. मुलालाही आणणार. विजू दिवसभर गुणगुणत होती. तिला तो मास्तर आवडलेला दिसतो. म्हणजे आता सगळं सभेवर.

१३ मार्च, शनिवार

आज काही लिहिणार नव्हतो.

पाचला पटांगण भरलं. सव्वापाचला भिंतीवर माणसं चढली. हमाल आले, हातमागवाले आले, मास्तरीणबाई चौथीचा अख्खा वर्ग घेऊन आल्या, धुळवडीचा रंग कानामागे तसाच असलेली पोरं आली. निवडणुकीत पडलेल्यांचे कार्यकर्ते आले. एकजण केडगावहून शेळी घेऊन आला, सहकुटुंब लिहिलं होतं म्हणाला. मी विचारलं, आपण नाना का? तो म्हणाला, न्हाई, मी आसाराम.

एक पेन्शनर मास्तर काठी टेकत व्यासपीठावर चढले आणि मला न विचारता बोलायला लागले. नाना जाती, नाना धर्म, नाना प्रकारचे लोक एका पटांगणात आणल्याबद्दल त्यांनी माझं अभिनंदन केलं. टाळ्या पडल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गिदोन कोपऱ्यात उभा होता. त्याने चष्मा वर केला.

मी हात वर करून म्हणालो, सर्व नानांनो! कोणी हललं नाही. म्हणालो, ज्यांचं नाव नाना त्यांनी हात वर करा. भिंगारच्या पैलवानाने हात वर केला. त्या हातात चिवड्याचा डबा होता. रिकामा. दुसरा त्याच्या पायाशी. तोही रिकामा.

मग गलका. खायला कुठंय, सोय आहे लिवलंय की! पोरं रडायला लागली. शेळीने नाना फडणवीसांच्या तसबिरीचा हार खाल्ला. आणि मागून कोणीतरी ओरडलं, नानांना बोलवा! सगळं पटांगण ओरडायला लागलं, नाना! नाना! खरं सांगतो, अंगावर मूठभर मांस चढलं. मी नमस्कार करायला हात जोडले.

ते बन्सीला बोलावत होते.

बन्सी हातगाडीवर पातेलं, पाव आणि शेवेचं पोतं घेऊन आला. उशीर झाला म्हणून त्यानेच माफी मागितली. सगळ्यांना वाढलं. शेळीवाल्यालाही. सहादेवराव पहिल्या रांगेत बसून रस्सा भुरकत होते. त्यांचा मुलगा आणि विजू बन्सीच्या हाताखाली पाव वाटत होते.

माझ्यापाशी येऊन बन्सीने वाटी पुढे केली आणि हळूच म्हणाला, घ्या नाना, तुमी सकाळपास्नं उपाशी असाल. या गावात चारचौघांत मला नाना म्हणणारा तो पहिला माणूस. गलक्यात कोणाला ऐकू गेलं नाही.

मिसळ तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने.

१५ मार्च

आता गल्लीतली पोरं मला बघून ‘नानाप्रकार’ ओरडतात. पानवाला म्हणाला, या नानाप्रकार. ऑफिसात कानिफनाथने चहा ठेवला आणि दाराबाहेर जाऊन सांगितलं, नानाप्रकारला दिला. मी शिकवूनही जे पाच आठवड्यांत जमलं नाही ते गावाने दोन दिवसांत केलं. हलकट गाव.

संकल्प : कोणाशी बोलायचं नाही. सगळ्यांचा तिरस्कार करायचा, पण शांतपणे.

सहादेवरावांकडून निरोप नाही. विजू गुणगुणत नाही. सौ. म्हणाली, पोरीचं काई झालं तर तुमच्या त्या फडणवीसाला मी सोडनार न्हाई. चुकलं, हे मलाही कळतं.

२१ मार्च, रविवार. सकाळी

न कळवता सहादेवराव दारात. मुलगा, मुलाची आई, मामा, सगळे. या खेपेला एक पाऊल वाट चुकली नाही. मच्छिंद्र गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला, नानाप्रकारांचं घर हेच! उतरा! आत दिवाणखान्यात बसल्यावर सहादेवराव म्हणाले, लई सोपं झालं बघा आता, नाव काडलं की टांगा सुटतोय.

पसंती आहे. हुंडा नको म्हणाले. पोरीनं गर्दीत पाव वाटले तवाच आमी ठरवलं, म्हणाले. मी सौ.कडे बघितलं, ती डोळे पुसत होती.

मग सहादेवराव खाकरले. एक अडचन हाय, म्हणाले. आमच्या घरात मला नाना म्हनत्यात. लहान-थोर समदे. पोरगाबी नानाच म्हनतो. उद्या सूनबाई म्हनली, नानांनी असं सांगितलं, तर कुन्या नानांनी? घरात रोज घोटाळा. तवा येवढं करा. आमी तुमाला आप्पा म्हनू. पोरीनंबी आप्पाच म्हनायचं.

म्हणजे तो मुलगा पहिल्या दिवशी ‘नाना म्हणतील तसं’ म्हणाला ते...

असो.

माझ्याकडे मुद्दे तयार होते. पेशवाईपासून रेल्वेपर्यंत. विजू दारात उभी होती, खाली बघत, श्वास धरून. जन्मली तेव्हापासून तिने मला दुसरी हाक मारलेली नाही. मी म्हणालो, बरं.

सुपारी फुटली. जेवण बन्सीकडेच सांगायचं, असं सर्वानुमते ठरलं. माझं मत कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी

विजू चहा घेऊन आली. म्हणाली, नाना... मग जीभ चावून म्हणाली, आप्पा, चहा. आणि रडायला लागली. मीही जरा.

नंतर विचार केला. आप्पा. चिमाजी आप्पा! वसई जिंकली. तलवार हातात धरून. अर्धा शहाणा वगैरे भानगड नाही, पूर्ण माणूस. एकंदरीत नाना या नावात पहिल्यापासूनच काही दम नव्हता, हे मी ओळखायला हवं होतं. उद्या वाचनालयात जाऊन आणखी आप्पा शोधणे. शहरातल्या आप्पांची एखादी छोटीशी सभा—

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, त्याआधी मच्छिंद्रला सांगून ठेवा. गल्लीच्या तोंडाशी म्हशी पाळतो तो गवळीबी आप्पाच हाय. नायतर लग्नाचं वऱ्हाड गोठ्यात उतरंल.