दुखऱ्या हाताखालची उशी

ठमे,

मी घरात दिसलो नाही म्हणून घाबरू नकोस. शेजारच्या मास्तरांबरोबर कोपऱ्यावर चहाला गेलोय, काठी घेतली आहे.

तू कामावर असताना व्यायाम शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. डॉक्टरांशीही फोनवर बोलल्या. खांद्याचं दुखणं म्हणजे अर्धांगाचा दुसरा झटका नाही. पहिल्या झटक्याने खांद्याचे स्नायू ढिले पडलेत, आणि हात ओढला की सांधा दुखावतो, एवढंच. तेव्हा उद्याची रजा टाकू नकोस.

यापुढे मला उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, कमरेला धरायचं. सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. आपण नेमकं उलटं करत होतो. जन्मभर शिंपीकाम केलं, लोकांचे खांदे मापले, आणि सदरा घालायला आज शिकलो! बाई म्हणाल्या, "लेकीला रागावू नका हं." म्हटलं, "तिला रागवायची माझी काय टाप?"

आणखी एक. झोपताना त्या हाताखाली उशी हवी म्हणाल्या. हव्या तेवढ्या जाडीची घरात एकच निघाली, तुझ्या आईची. ती गेल्यापासून मी त्या उशीला कुणाला हात लावू दिला नव्हता. आज मीच कपाटातून काढली आणि हात टेकून पडलो. कळ आली नाही. चांगला तासभर घोरलो.

पलंगावर दिसली तर परत कपाटात ठेवू नकोस. अभ्रा मात्र एवढ्यात धुवायला टाकू नकोस.

बाबा