देवघरातला फोन

वैनी,

मी पिंगळीला मावशीकडं चाललेय, उद्या येते. भाकरी करून ठेवल्यात, बेसन तेवढं गरम करून घ्या.

फोन सोबत नेत न्हाई. तो देवघरात, टाकांच्या मागं फडक्यात गुंडाळून ठेवलाय. सुदर्शननं मला सोडल्यापासून तिथंच असतो. आंघोळ केल्याबिगर आपल्या घरात देवाला कुणी शिवत न्हाई, म्हणलं तेवढ्यानं तरी त्याचं इन्स्टा बघायची खोड मोडंल. तर मी दिवसातून तीन-तीनदा आंघोळ करायले. दिवा लावते, दाराकडं पाठ करून बसते आन् ओढणीआड त्याचे फोटो बघते. आई गल्लीभर सांगत फिरायली, पोरगी देवाधर्माला लागली म्हणून. तिला काही बोलू नका. मधी बाहेर बसले होते, तेवढे चारच दिवस मला नीट झोप लागली.

आज त्याची हळद हाय. फोटो पडायलेच असतील. मावशीकडं साधा बटणाचा फोन हाय, म्हणून चाललेय.

माझा फोन तिथून हलवू नका. सापडला न्हाई तर मी सगळं घर उलथंपालथं करंन आन् आईला कळंल. तुमचा मागितला तरी देऊ नका, रडले तरी.

उद्या आल्याबरोबर मी आंघोळीला निघाले, तर नळ आला न्हाई म्हणून सांगा. हौद काठोकाठ भरलेला दिसला तरी तेच सांगा.

— प्रणिता