‘आपण’ला शब्द नाही

४ मार्च

दारावर चिठ्ठी, आरशावर चिठ्ठी, चमच्यांच्या डब्यावरही! सूनबाईची भाषा शिकायची तर दिसेल त्या वस्तूवर नाव चिकटवायचं – ही माझी युक्ती. वर तिची भाषा, खाली मराठी. तीही येता-जाता वाचते, हसते. मुलगा म्हणाला, "बाबा, आता मांजर तेवढं राहिलं!"

५ मार्च

दाढी करताना इथल्या रेडिओवरच्या बाईमागोमाग सूनबाईच्या भाषेत हवामान मोठ्याने म्हणतो. आज ते ऐकून शेजारीण छत्री घेऊन बाहेर पडली. दिवसभर कडक ऊन.

९ मार्च

पहिल्यांदाच अख्खं वाक्य कळलं! सूनबाई चहा ओतताना तिच्या भाषेत सावकाश म्हणाली, "पुढच्या महिन्यात आम्ही नव्या घरात जाणार." हुरळून गेलो. मग डोक्यात किडा शिरला – ‘आम्ही’ म्हणाली, की ‘आपण’?

तिच्या भाषेचं पुस्तक उघडलं. दोन्हींना एकच शब्द! चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण असला घोळ पाहिला नाही. समोरचा माणूस धरलाय की वगळलाय, हे न सांगता ही मंडळी बोलतात तरी कशी?

मुलाला विचारलं तर सरळ उत्तर मिळेल. म्हणूनच विचारत नाही. भीती वाटते.

१२ मार्च

आडून विचारलं. "माझी हत्यारांची पेटी कुठे ठेवायची रे?" तो मोबाइलमधून मान वर न करता, "बघू." बघू म्हणजे कोण बघणार? ते दोघं की आम्ही तिघं? घ्या! आता मराठीही कळेना.

१७ मार्च

शेवटी टेबलावर कप मांडले. दोन जवळ, एक लांब – "आम्ही". तिन्ही जवळ – "आपण". मग सूनबाईला विचारलं, "कुठलं?" ती दोन्ही शब्द पुटपुटली. मग तिन्ही कप उचलले, विसळले आणि पालथे घातले.

हे उत्तर धरायचं, की नुसती भांडी घासली म्हणायचं?

२३ मार्च

खोकी भरणं चालू आहे. माझ्या खोलीला अजून कोणी हात लावलेला नाही. आज एकही शब्द पाठ केला नाही. कशासाठी करू?

२८ मार्च

बाहेरून आलो तर पेटी बाकीच्या खोक्यांबरोबर दारात. तिच्यावर चिठ्ठी. वाकडीतिकडी अक्षरं, सूनबाईची – "आपन".

ण चुकलाय. दुरुस्त केला नाही.