सहा जुने राउटर आणि माझा मेहुणा

मी, चार गल्ल्यांना इंटरनेट पुरवणारा, वय वर्षे त्रेसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. हृदय अधू आहे, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, तो माझा स्वतःचा आहे.

राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नीस.

कंपनी, गच्चीवरचा मनोरा, तारा, उरलेले ग्राहक आणि माझा पेचकस लेकीस. पत्नीचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, डोळे पुसत येईल व म्हणेल, "ताई, पोरीला झेपायचं नाही, मी बघतो." त्याला चहा द्यावा, चाव्या देऊ नयेत.

लेकीस सूचना: नवे राउटर आपल्याला परवडत नाहीत, जुनेच घ्यावे लागतील. आधी झाकण उघडून पंखा बघावा, मग राउटर पूर्ण भार टाकून दोन दिवस चालवावा. विकणारा नात्यातला असेल तर चार दिवस. हा नियम मी एकदाच मोडला.

मेहुणा सहा राउटर घेऊन आला. "दाजी, एक ऑफिस बंद झालं, तिथले आहेत. नव्यासारखे!" घरच्या माणसासमोर पेचकस काढायची मला लाज वाटली. कसला मूर्ख मी! ऐन परीक्षांच्या आठवड्यात सहाही राउटरनी माना टाकल्या. चौथ्या दिवशी मेहुण्याच्या नव्या कंपनीची पत्रके दारोदार पोहोचली आणि माझे अर्धे ग्राहक गेले. लेकीने झाकण उघडले. "बाबा, हे तर तुमचंच अक्षर!"

निकामी राउटर भंगारात देताना मी झाकणाच्या आत कारण व तारीख लिहितो. माझेच मेलेले राउटर तात्पुरते चालते करून, बाहेरून रंगवून त्याने माझ्याच गळ्यात मारले होते.

पत्नीजवळ हे बोललो नाही. माहेरचा तिला तो एकच उरला आहे. पण मेल्यावर कसली भीड?

सहापैकी पाच फोडून टाकावेत. सहावा मेहुण्यास. हे वाचून झाल्यावर पत्नी म्हणेल, "माझा भाऊ असं करणारच नाही." तेव्हा सर्वांसमोर झाकण तिनेच उघडावे. माझे अक्षर ती तीस वर्षे किराण्याच्या यादीत वाचते आहे. मेहुणा म्हणेल, "मला काय माहीत?" त्यासाठी खाली दुसरा साक्षीदार मुद्दाम निवडला आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: १२ मार्च
सही

साक्षीदार
१. घरचे डॉक्टर. सही.
२. भंगारवाला. "हे सहा डबे माझ्याकडून मेहुण्यांनीच नेले. झाकणाच्या आत लिहिलंय हे मी त्यांना दाखवलं होतं. म्हणाले, दाजी घरच्यांचं झाकण उघडत नाहीत." सही.