राउटर नव्यावर टाक

प्रिय सोंदोस,

तू पाठवलेला लॅपटॉप पोचला. इकराम त्याला मांडीवरून खाली ठेवेना. पोरीला तुझ्याकडे फ्रान्सला, लियोंला शिकायला यायचंय, अर्ज त्याच्यावरूनच भरायचाय. पण बाई, आमच्या खिडकीतल्या राउटरशी त्याचं काही केल्या जमेना! दुकानवाला निझार बघून गेला. म्हणाला, मावशी, राउटर म्हातारा आणि लॅपटॉप कालचा. जुन्या सेटिंगवर हा लॅपटॉप जोडला जायचा नाही, आणि नव्यावर टाकलं तर हबीबकाकांचा जुना फोन बाहेर पडेल. दोघांतलं एक निवडा. मी हसत म्हटलं, टाक नव्यावर, त्यांचा फोन तसाही समुद्रातच असतो.

हसले खरी. तुला ठाऊक आहे, आमचे हे, हबीब, फोनमध्ये कधी पैसे भरत नाहीत. ऑक्टोपस धरायला समुद्रात सोडलेली मडकी वर ओढून झाली की बोटीवर बसून माझ्यासाठी काहीबाही बोलून ठेवतात. कधी गाणं, कधी नुसत्या शिव्या. बोट खाली धक्क्याला लागली की फोन घरचं वायफाय पकडतो आणि सगळे निरोप एकदम येतात, टिंग टिंग टिंग. तो आवाज आला की मी कुसकुस वाफेवर ठेवते. आख्खी गल्ली मला त्यावरून चिडवते.

गेल्या आठवड्यात वारा सुटला. बाकीच्या बोटी आल्या, माझा फोन मात्र मुका. राउटरचं डोक्यातच आलं नाही गं! घरातल्या सपाता घालून, डोकं न झाकता धावत सुटले. आणि हबीब धक्क्यावर आरामात मडकी उतरवत होते. मला बघून म्हणाले, काय गं, घरातून हाकललंस की काय मला? वायफायसुद्धा ओळख देईना! सगळे हसले. मी तिथेच फतकल मारून रडले. घरी येऊन सगळ्यात आधी राउटर जुन्यावर टाकायला लावला. इकराम फुरंगटली, म्हणाली, अम्मी, तुला माझ्या शिक्षणापेक्षा ती टिंग प्यारी.

आज वारा त्याहून वाईट आहे. बोटी परतल्यात, खिडकीतून दिसतात, पण त्या गर्दीत आमची कुठली, आहे की नाही, इथून कळत नाही. राउटर जुन्यावरच होता. मी स्वतः पाहिलं, पुन्हा पाहिलं. फोन वाजलेला नाही. तुला फोन केला तर आवाजावरूनच ओळखशील, म्हणून लिहितेय. मला फार भीती वाटतेय, सोंदोस. खाली जायला हवं, पण दारापर्यंत जाते आणि परत खिडकीशी येते. आत्ताच इकरामला हाक मारून सांगितलं, टाक तो राउटर नव्यावर, भर तुझा अर्ज. पोर आनंदाने ओरडलीच. आता फोन नाही वाजला, तरी तो राउटरमुळे वाजला नाही असं म्हणता येईल.

तुझीच,
झकिया